चार बोटं

मामितू एकतिसाव्या दिवशी पहिल्यांदा हसली, आणि त्याच सकाळी मला एमायेंचे डोळे पिवळे दिसले.

एमाये म्हणजे माझ्या सासूबाई. चुलीपाशी बसून माझ्यासाठी गेन्फो घोटत होत्या. बाळंतिणीला तो रोज हवाच, जवाच्या पिठाचा, घट्ट, मधोमध लोण्याचं तळं केलेला. हसू बघायला मी त्यांना दारात हाक मारली. शालीला हात पुसत त्या आल्या, उन्हात पोरीवर वाकल्या, आणि मी पोरीला सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले.

"एमाये, डोळे बघू तुमचे."

"माझ्या डोळ्यांत काय ठेवलंय? हिचे बघ. बापाचे उचललेत जसेच्या तसे."

"पिवळे झालेत."

"ऊन आहे."

"उन्हाने माझे नाही झाले."

"तुझं वय काय, माझं काय? म्हातारपणी सगळंच पिवळं पडतं. हे बघ दात." त्यांनी मला दात दाखवले, पोरीलाही दाखवले आणि परत चुलीकडे गेल्या.

पण थोड्या वेळाने मी पाहिलं, अस्मारेचा दाढीचा आरसा त्यांनी खिडकीत नेला होता. खालची पापणी बोटाने ओढून त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग आरसा पालथा ठेवला.

अस्मारे, माझा नवरा, जिबुतीच्या रस्त्याला ट्रक चालवतो. महिन्यातून दोनदा घरी. बाकीचे दिवस घरात आम्ही तिघीच, आणि त्या तिघींमधली मी नुकती बाळंत झालेली. म्हणजे घर चालत होतं ते एकट्या एमायेंवर.

आमच्या गावात त्यांना सगळे मानाने एतिये लाकेच म्हणतात, आणि एतिये लाकेचचं कापड सगळ्यांना ठाऊक आहे. कुंपणाला लागून त्यांचे सात एरंड आहेत. बिया तव्यावर तडतडेपर्यंत भाजायच्या, खलात कुटायच्या, पाण्यात उकळत ठेवायच्या, वर तवंग धरला की पळीने अलगद काढायचा आणि पाणी पार उडेपर्यंत पुन्हा आटवायचा. घरभर तो जडसर, कडवट वास. निम्मं तेल इंजेराच्या, आमच्या आंबवलेल्या भाकरीच्या, तव्याला पुसायला, निम्मं कापडासाठी. कापड म्हणजे सासऱ्यांच्या जुन्या गाबीचे, अंगावर घ्यायच्या जाड सुती चादरीचे, तुकडे. एका तुकड्याच्या चार घड्या करून तेलात भिजवायच्या, गरम भांड्याला धरून ऊबदार करायच्या आणि उजव्या बरगडीखाली ठेवायच्या. वर कोरडं फडकं, त्यावर गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून. मग तासभर हलायचं नाही.

कुणाचं पोट फुगलंय, कुणाला अन्न बघवत नाही, कुणाचं अंग मोडून आलंय, की ती माणसं आमच्या मागच्या खोलीत येऊन पडत. एमाये शेजारी कॉफी भाजत, हळू आवाजात गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. तासाने माणूस उठे तो हलका होऊन. कापडाने, की तासभर आपल्याला कुणी उठवत नाही म्हणून, ते मला आजही सांगता यायचं नाही.

यकृताला त्या उजवीकडची सून म्हणत. "सगळं घर तिच्यावर. धुणं तिचं, भांडी तिची, पाहुणे कसलेही आणा, निस्तरणार तीच. आणि तोंडातून शब्द नाही. रुसली की मात्र बरगडीखालून बाहेर येऊन बसते. मग तिला रागवायचं नाही. ऊब द्यायची."

किती बाहेर आलीय, ते कापडाआधी मोजायचं. बरगडी संपते तिथे बोटं आडवी ठेवायची, माणसाला खोल श्वास घ्यायला लावायचा, आत एक कड हाताला टेकते ती शोधायची. एक बोट, दोन बोटं. तीनपर्यंत एमाये कापड ठेवत. चार म्हटलं की हात धुऊन टाकत. "चार बोटांवर माझं कापड नाही. दवाखान्यात जा," असं सांगत, आणि माणूस दारातून बाहेर पडताना वर बजावत, "पण सुई घेऊ नकोस हं!"

सुईचं असं होतं. डोळे पिवळे होणं म्हणजे आमच्याकडे पाखराचा आजार. वटवाघूळ डोक्यावरून गेलं की होतो म्हणतात. आणि पाखराच्या आजारात सुई टोचली की माणूस जातो, हे आमच्याकडे लहान पोरालासुद्धा माहीत असतं. एमायेंना ते नुसतं ऐकून माहीत नव्हतं. माझे सासरे पिवळे पडले तेव्हा बाजारात बसणाऱ्या एका माणसाने त्यांना इंजेक्शन दिलं होतं. तिसऱ्या सकाळी ते गेले. अस्मारे तेव्हा चार वर्षांचा होता.

त्या दुपारी मागच्या खोलीतल्या बाकावर एमाये स्वतः आडव्या झाल्या. "ये. आज तू मोज."

"मी? तुम्हीच मोजा की."

"आपलं आपण कधी मोजायचं नसतं. हात खोटं बोलतो."

मामितूला एका हाताने छातीशी धरून मी दुसऱ्या हाताची बोटं ठेवली. त्यांचं पोट मऊ, थंड. श्वास घेतला तशी आत कड येऊन टेकली, कणकेच्या गोळ्याला बोट लागावं तशी.

"दोन."

"दोन काहीच नाही," त्या म्हणाल्या. "ठेव कापड. आणि तोंड असं करू नकोस, दूध आटेल. ऐंशीव्या दिवशी मला हिला उचलून टेकडी चढायचीय. त्याआधी मला कुठे जायचं नाही."

आमच्यात मुलाचा बाप्तिस्मा चाळिसाव्या दिवशी, मुलीचा ऐंशीव्या. एमायेंना पहिली मुलगी झाली होती. ती साठाव्या दिवशी गेली. नंतर एकटा अस्मारे. माझ्या पोरीच्या जन्माच्या दिवशी सुईणीने "मुलगी" म्हटल्याबरोबर त्यांनी सांगून टाकलं होतं, चर्चच्या दारापर्यंत हिला दुसरं कुणी उचलायचं नाही. टेकडी उभी आहे. त्यांचे गुडघे आधीपासून दुखरे. पण बोलून चुकल्या होत्या.

रोज दुपारी कापड. आठवड्याने तीन बोटं झाली. जेवण कमी झालं, अंगाला खाज सुटली, हात पिवळे दिसायला लागले. मी दवाखान्याचं नाव काढलं की त्या कॉफीचे दाणे जोरजोरात हलवायला लागत, म्हणजे मला बोलता येऊ नये.

शेजारची देब्रितू घरी जवाची बिअर गाळून विकते. ती एकदा डोकावली.

"काय गं लाकेच, कापडवालीच पिवळी? आता आम्ही कुठे जायचं?"

"तुझी बिअर प्यायला. तशीही तिथेच असतेस."

"माझी बिअर पिऊन कुणी पिवळं पडलं नाही अजून."

"पिवळं कशाला पडेल? सरळ पडतंच."

दोघी हसल्या. जाताना देब्रितूने एमायेंच्या हातात काहीतरी कोंबलं, पुरचुंडीसारखं. मला वाटलं मसाला असेल.

त्याच आठवड्यात मी मधाचं मडकं उघडलं. बाप्तिस्म्याच्या जेवणाला मधाची दारू करायची म्हणून अस्मारेने आणून ठेवलं होतं. काठोकाठ होतं, ते आता गळ्याखाली चांगलं चार अंगुळं उतरलेलं.

"एमाये, मध कुठे गेला?"

"मुंग्या."

"मुंग्यांनी चमचा आत ठेवलाय."

"हल्लीच्या मुंग्या," एमाये म्हणाल्या आणि कूस बदलली. आजारी माणसाला गोड खावंसं वाटलं असेल, लाजत असतील, म्हणून मी विषय सोडला. तो सोडायला नको होता.

बावन्नाव्या दिवशी माझी चारही बोटं भरली.

मी पुन्हा मोजलं. मामितूला खाली ठेवलं, दुसऱ्या हाताने मोजलं. चार.

"तीन," एमाये छताकडे बघत म्हणाल्या.

"चार आहेत."

"तुझी बोटं म्हणजे वाटाण्याच्या शेंगा. माझ्या हाताची तीनच भरतील."

"मोजायला मला बसवलंत ना? मग माझ्याच बोटांची."

"माप माझं, खोली माझी, आजार माझा!"

"आणि चार बोटांवर कापड नाही, हे कुणाच्या तोंडचं?"

भिंतीपलीकडून देब्रितू ओरडली, "बस करा गं तुमचं एरंडाचं गुऱ्हाळ! म्हातारी आहे ती, ने तिला नाहीतर झोपू दे!"

एमाये उठून बसल्या. मला वाटलं ओरडतील. पण त्यांनी नुसता माझा हात हातात घेतला आणि माझी बोटं एकेक करून बघितली, पोरीची बघत तशी. त्यांचा तळवा तापला होता.

"वुबालेम," त्या म्हणाल्या. मला नावाने त्या क्वचितच हाक मारत. "तिथे गेलं की ते टोचतात. यिर्गा, तुझा सासरा, आपल्या पायांनी चालत घरी आला होता. म्हणाला, बरं वाटतंय. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला कॉफी द्यायला गेले." त्यांनी माझी बोटं मिटवून टाकली. "मला ऐंशीवा दिवस बघायचाय. बाकी काही मागत नाही मी."

मलाही तेच हवं होतं. ते त्यांना पटेल असं कसं सांगावं, ते मला सुचत नव्हतं. मामितू रडायला लागली म्हणून तिला पाजायला घेतलं, आणि पाजता पाजता माझी नजर त्यांच्या खांद्यावर गेली. शाल घसरली होती. पाठीवर गोल गोल जुने वण, ओळीने.

"एमाये, दर वर्षी तुम्ही तुंबडी लावून घेता."

"मग?"

"शिंग लावून रक्त काढतात. काढतात ना? आत काही घालत नाहीत."

"आत कशाला घालतील?"

"दवाखान्यात पण आधी काढतातच. तपासायला. आत घालायची सुई वेगळी, बाहेर काढायची वेगळी. काढू द्या तेवढं. घालायची वेळ आली तर तुम्ही नाही म्हणा, मी तुमच्या बाजूने भांडेन."

त्यांनी पाठीवरचा एक वण बोटाने चाचपला. मग म्हणाल्या, "भांडशील?"

"आत्ता कुणाशी भांडत होते मी?"

त्यांनी शाल सावरली. "माझी पांढरी काढ. फाटकी घालून मी रिक्षात बसणार नाही."

आरोग्य केंद्रात सिस्टर अयालनेश होत्या. माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी एमायेंना खाटेवर झोपवलं, उजव्या बरगडीखाली बोटं आडवी ठेवली, आणि म्हणाल्या, "खोल श्वास घ्या."

एमायेंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांची गुप्त पाककृती कुणी भर बाजारात करून दाखवावी तशा बघत होत्या.

"साडेतीन बोटं," सिस्टर म्हणाल्या.

"तुझी की माझी?" एमायेंनी विचारलं.

सिस्टरना हसू आलं. "म्हणून तर हे," म्हणत त्यांनी खिशातून शिंप्याची असते तशी टेप काढली आणि आकडा कागदावर लिहिला. मग पेन तसंच हातात धरून विचारलं, "रोज काय काय घेता? गोळ्या? काढे? पाला, मुळं, काहीही?"

"इंजेरा," एमाये म्हणाल्या. "पाणी. कॉफी. उपासाच्या दिवशी डाळ."

"बाकी?"

"बाकी काय? मी लोकांना बरं करते, मला कोण देणार?"

मी पाठीवरच्या मामितूला झोके देत उभी होते. आणि एकदम मला तो चमचा दिसला, मडक्यात उभा.

"मध," मी म्हणाले.

एमाये छताकडे बघायला लागल्या.

"एमाये, मधातून काय घेत होतात?"

"गुडघ्यांचं." आवाज इतका बारीक की सिस्टरना वाकावं लागलं. "देब्रितूने आणून दिलं होतं. बाजारात एक मुळीवाला येतो. सूर्य उगवायच्या आत, रिकाम्या पोटी, चमचाभर भुकटी मधात. कडू फार. टेकडी उभी आहे ना. पोरीला घेऊन मधेच बसावं लागलं असतं तर?"

"केव्हापासून?"

"मामितू पंधरा दिवसांची असल्यापासून."

"आणि डोळे पिवळे झाल्यावर बंद केलंत?"

"बंद कशाला? मुळीवाला म्हणाला, पाखराच्या आजारावर पण हेच. मग दुप्पट केलं."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. बराच वेळ एमायेंच्या पिवळ्या हातावर हात ठेवून बसल्या, आणि मला त्यांच्याबद्दल तेव्हा जी माया वाटली ती अजून वाटते.

एमायेच बोलल्या. "लोकांना मी सांगते, उजवीकडच्या सुनेला रागवू नका. ऊब द्या."

"बरोबर सांगता," सिस्टर म्हणाल्या. "फक्त इथे तिच्या डोक्यावर रोज सकाळी दगड ठेवत होतात आणि दुपारी वरून शाल पांघरत होतात."

रक्त काढायच्या आधी एमायेंनी सुई मागून हातात घेतली. रिकामी आहे का, उजेडाकडे धरून पाहिलं. सिस्टरनी दट्ट्या ओढून दाखवला, आत नुसती हवा, ती पण ढकलून टाकली. मग टोचलं. नळीत रक्त चढत असताना एमाये डोळा न मिटता बघत होत्या.

"बाहेरच येतंय," त्या मला म्हणाल्या. साक्ष द्यावी तसं.

दोन दिवसांनी कागद आले. ज्या ज्या आजारांची सिस्टरना शंका होती त्यांतलं काही निघालं नव्हतं. यकृताचे आकडे मात्र खूप वर होते. सिस्टर म्हणाल्या, मुळी आजच्या आज बंद. बहुतेक तिचंच काम आहे, आणि तसं असेल तर यकृत आपलं आपण सावरतं, त्याला सवड द्यावी लागते. दर आठवड्याला रक्त तपासायला यायचं. खूप झोप यायला लागली, बोलण्यात गोंधळ झाला, कुठून रक्त आलं, तर एक तास थांबायचं नाही, सरळ बहिर दार शहरातलं मोठं हॉस्पिटल. मी विचारलं, कापडाचं काय? त्या म्हणाल्या, "कापड यकृत बरं करत नाही. पण तासभर आडवं पाडतं, आणि त्यांना ते आवडतं. कोमट ठेवा, कातडी भाजू देऊ नका. प्यायचं मात्र काही नाही. तेलसुद्धा."

पण तिसरी सकाळ अजून यायची होती.

त्या सकाळी मी जागी झाले तेव्हा एमायेंचा बिछाना हलत नव्हता. मी बसून राहिले. मामितूने हात झाडला, मी तिचा हात धरला. बाहेर देब्रितूचा कोंबडा दोनदा आरवला.

"वुबालेम," शालीखालून आवाज आला.

"काय?"

"मी आहे का?"

"आहात."

"बघ नीट."

"एमाये, मेलेलं माणूस विचारत नाही."

शाल बाजूला झाली. त्या उठून बसल्या, अंग चाचपलं, आणि मग हुंदके देऊन रडल्या. आजारपणात पहिल्यांदाच. वीस वर्षांपूर्वीची सकाळ होती ती, माझ्या लक्षात आलं, या सकाळीमागे लपून बसलेली. मी पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि कॉफी करायला गेले. त्या दिवशी मी केली, बाळंतीण असून.

देब्रितूला कळलं तशी ती धावत आली, उरलेली भुकटी चुलीत टाकली, आणि धुराने दोघी खोकत बसल्या. "मी तुला मारत होते गं," ती म्हणाली. एमाये म्हणाल्या, "तुला इतकं चांगलं काही जमणार नाही. बस."

साठाव्या दिवशी साडेतीन. एमायेंची पहिली साठाव्या दिवशीच गेली होती. मामितूला घेऊन दिवसभर बसून राहिल्या, खाली ठेवीनात. सदुसष्टाव्या दिवशी अडीच. सिस्टरच्या टेपवरचा आकडाही उतरला. खाज गेली, एक दिवस त्यांनी आपणहून डाळ मागून घेतली, वर तिखट कमी आहे म्हणून मला बोलल्या, आणि मला इतकं बरं वाटलं की मी भांडलेसुद्धा नाही. दर आठवड्याच्या सुईला आता त्या स्वतः बाही वर करत. बाकावर बसलेल्या बायकांना सांगत, "घाबरू नका, ही काढायची आहे."

एकोणऐंशीव्या दिवशी मी बोटं ठेवली. खोल श्वास घ्यायला लावला. पुन्हा लावला. बरगडीखाली मऊ पोट होतं, नुसतं.

"सापडत नाही."

"नीट बघ."

"घरात गेली सून."

एमायेंनी माझी बोटं तिथेच दाबून धरली, हसत होत्या की काय ते मला दिसलं नाही, कारण तोंड भिंतीकडे होतं.

ऐंशीव्या दिवशी पहाट फुटताना आम्ही निघालो. मीसुद्धा, इतक्या दिवसांनी चर्चला. अस्मारे रात्रीच ट्रक घेऊन पोचला होता, तो आईच्या मागे दोन पावलांवर हात पसरून चालत होता, आणि दर वळणावर "खाली बघ" ऐकून घेत होता. गुडघे दुखतच होते. आदल्या संध्याकाळी त्या गुडघ्यांवर कापड ठेवून बसल्या होत्या. टेकडीवर त्या पाच वेळा बसल्या. मामितूला एकदाही कुणाच्या हातात दिलं नाही.

"बसावं लागलं," पाचव्यांदा त्या मला म्हणाल्या.

"बसलात तर काय झालं?"

"हेच कुणी आधी सांगितलं असतं तर!"

चर्चच्या दारात त्यांनी पोरीला पुढे केलं आणि हात मोकळे झाल्यावर ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

बाहेर आलो तर अंगणात खालच्या आळीची एक बाई नवऱ्याला घेऊन थांबली होती. त्याचं जेवण जात नव्हतं. "एतिये लाकेच, आज सणाचा दिवस आहे, पण कापड ठेवाल का?"

एमायेंनी त्याला उन्हाकडे वळवलं, खालची पापणी ओढून पाहिली. "आधी सांग, काय पितोस? देवाच्या दारात उभा आहेस, मुंग्यांचं नाव घेऊ नकोस."

तो बिचारा गोंधळला. बिअर, म्हणाला. कधीतरी.

"दुपारी ये. मोजून बघू."

"तुमच्या हाताला येईल ना गुण?" त्याच्या बायकोने विचारलं.

"मी मोजत नाही आता. ही मोजते." त्यांनी माझा हात धरून पुढे केला, बाईला बोटं दाखवली, बाजारात भाजी दाखवावी तशी. "बारीक आहेत बघ. हिची चार लवकर भरतात. माणूस वेळेत दवाखान्यात पोचतो."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चल. पोरगी भुकेली असेल, आणि इंजेराचा तवा अजून पुसलेला नाही."